पाणी इथवर आलं होतं

चाचा, तुमची रेघ पुसली. आधी एवढं सांगते, बाकीचं मागून.

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी घरी जियारत होती. चाची आतल्या खोलीत बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या, मी स्वयंपाकघरात पेले विसळत होते, आणि नेमकं त्याच वेळी आपल्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सोसायटीच्या कंपाउंडवर बदामी रंगाचा पहिला हात बसत होता. परत निघाले तेव्हा दिसलं. रंगारी परगावचे, त्यांना काहीच ठाऊक नाही. त्यातला एक मलाच विचारतो, "ताई, ही निळी पट्टी कसली हो? दोन हात मारले तरी खालून दिसतेच आहे." मी म्हटलं, "तिसरा मारला तरी दिसेल." माझं खोटं ठरलं. तिसऱ्या हाताला ती गेली.

मी रडले नाही. रडून घेतलं होतं तुम्हाला नेलं त्या दिवशी, गिरणीच्या कोपऱ्यावर उभी राहून, कारण त्याच्या पुढे आम्हा बायकांना यायचं नव्हतं. या वेळी नुसता राग आला. तो अजून आहे. हे लिहितेय तेही रागातच, तेव्हा मधे कुठे शब्द वाकडा गेला तर समजून घ्या.

आणि ऐका, पुढचं तर याहून भारी आहे. त्याच भिंतीवर, जिथे रेघ होती तिथेच, तुमचा फ्लेक्स लागलाय. हो, तुमचा. जन्मभर ज्याला तुम्ही 'प्लास्टिकचं धोतर' म्हणत आलात, ज्यानं तुमच्या पाट्या रंगवायच्या धंद्याचं वाटोळं केलं, त्याच्यावर तुम्ही हसताय. चारी बाजूंनी गुलाब, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली सोसायटीच्या कमिटीचे सात फोटो. चेअरमन आधी माझ्याकडेच आले होते. म्हणाले, "कांचनताई, चाचांचा एक चांगला फ्लेक्स डिझाइन करून द्या, आठ बाय चार." मी म्हटलं, "करणार नाही." ते म्हणाले, "का हो? तुम्ही तर त्यांच्या मुलीसारख्या." मी म्हटलं, "तुम्ही रेघ पुसलीत म्हणून." तर म्हणतात, "अहो, भिंत रंगवली. मेन्टेनन्स आहे तो." मग त्यांनी तो दुसरीकडून करून घेतला. फोटो तुमच्या आधार कार्डावरचा आहे. त्यात तुम्ही हसत नाही आहात, वर 'हसताय' लिहिलं ते माझं चुकलं. हसताय असं मला वाटलं असेल.

लोक आता म्हणतात, दस्तगीर पेंटर म्हणजे मोठा विचारी माणूस, त्यांनी पुराचा इतिहास भिंतीवर लिहिला. मी शेजारी होते. मला खरं माहीत आहे. पहिला मोठा पूर ओसरला तेव्हा आपण दोघं आपापल्या दुकानातला गाळ घमेल्यानं उपसत होतो. तुमचे ब्रश वाहून गेले होते, माझ्या प्रिंटरच्या पोटात चिखल होता. ऑनलाइन फॉर्म भरून देणारी बाई आणि पाट्या रंगवणारा म्हातारा, दोघंही सारखेच बेकार. मी भिंत धुवायला पाइप लावला, तर तुम्ही केवढ्यानं ओरडलात. "थांब, थांब! भित धुऊ नगंस!" मला वाटलं साप दिसला. तुम्ही कुठून तरी आकाशी ऑइलपेंटचा गंजका डबा काढलात, झाकण पेचकसानं उचकटलंत, आणि चिखलाच्या वरच्या कडेवरून, डोक्याच्याही वर हात ताणून, सरळ रेघ ओढलीत. खाली लिहिलंत, 'पाणी इथवर आलं होतं'. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणालात, "पाणी गेलं की मान्सं इसरत्यात गं. आत्ता म्हनत्यात डोक्यावरनं गेलं. दोन वर्सांनी म्हनतील गुडघ्याला हुतं. आन् मग घरं बांधत्यात."

मी फोटो काढून फेसबुकवर टाकला. बस, एवढंच झालं. संध्याकाळपर्यंत पलीकडच्या गल्लीतून, मग हरिपूरच्या रस्त्यावरून, मग नदीकाठच्या गावांतून मेसेज यायला लागले, की आमच्याकडे पण मारून द्या, भिंत धुतलेली नाही अजून. मी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. नाव ठेवलं 'रेघ'. तुम्हाला टाइप करता येत नव्हतं म्हणून तुम्ही आवाज पाठवायचात, तोही प्रत्येक वेळी 'हॅलो, हॅलो' करून, जणू पलीकडून कुणी फोन उचलायचाय. माझ्यावर हसायचात मात्र तुम्ही. "आटपाडीकडची पोरगी ही. हिच्या बापजाद्यांनी मेंढरं घिऊन पान्यामागं हिंडायचं, आन् हिनं आम्हाला पूर शिकवायचा!" खरंच होतं ते. आमच्याकडे पाणी शोधायला लागायचं. लग्न होऊन आले ती पाणी घर शोधत येणाऱ्या गावात.

आपलं एक भांडण तसंच राहिलं, चाचा. मी म्हणायचे, रेघेशेजारी फूट लिहा, मीटर लिहा, म्हणजे कुणाला दाखवता येईल, कागदावर मांडता येईल. तुम्ही ऐकलं नाहीत. "फूट कुनाला कळतोय? मान्साला आपली छाती कळती, गळा कळतोय. रेघंखाली हुबा ऱ्हायला की समदं कळतंय." मी म्हणायचे, सरकारी माणसाला गळा कळत नाही. तुम्ही म्हणायचात, मग त्याला रेघेखाली उभा कर. माझं अजूनही म्हणणं आहे की फूट लिहायला हवे होते. लिहिले असते तर आज पुसलेली रेघ कुठे होती हे सांगायला माझ्याकडे आकडा असता. तुम्ही हट्टी होतात आणि त्या बाबतीत चुकीचे होतात. हे तुम्ही असताना मी शंभर वेळा सांगितलंय, आता एकशे एकाव्यांदा.

पण दुसऱ्या बाबतीत तुम्ही माझ्या पुढे होतात. मला वाटलं होतं, ग्रुप म्हणजे फोटो टाकायचे, लोक बदाम टाकणार, संपलं. तुम्ही एके दिवशी आवाज पाठवलात, "हॅलो, हॅलो. समद्यांनी ऐका. पानी सांगलीत उगवत न्हाई. वरनं येतंय. वरच्या मान्सांनी आपापल्या घाटावर रंग मारा आन् रोज फोटू टाका." महाबळेश्वरचा एक टॅक्सीवाला होताच ग्रुपमध्ये, तो पावसाच्या दिवसांत काच पुसत पुसत व्हिडिओ टाकायला लागला. आणि उंब्रजच्या वंदनावहिनी! हायवेला चहाचं दुकान, हातात कधी ब्रश धरला नव्हता. त्यांनी बेंदराला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग घेतला आणि नदीच्या घाटाच्या भिंतीवर एकावर एक जनावरं काढली. तळाला बेडूक, वर कोंबडी, मग शेळी, मग म्हैस, सगळ्यात वर उंट. उंट का, विचारलं तर म्हणाल्या, "त्याच्या फुडं काय काडायची येळच येऊ ने म्हनून." त्यांची शेळी कुत्र्यासारखी दिसते म्हणून तुम्ही त्यांना ग्रुपवर चिडवलंत, आणि त्यांनी उत्तर पाठवलं, "आवं चाचा, भुंकली की समजा पानी आलं."

मग खालच्या-वरच्या गावांनी आपापलं काय काय काढलं. कुणी पायऱ्यांना वेगवेगळे रंग दिले. कोरेगावच्या बाजूच्या एका शाळेनं ओढ्याच्या पुलाशेजारी एक उभा मास्तर काढला, बूट, पट्टा, चष्मा, टोपी. चष्म्याला पाणी लागलं की शाळेला सुट्टी. तुम्ही तो फोटो दिवसभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलात. मला वाटतं तुम्हाला तुमच्या रेघेपेक्षा त्या मास्तरचा जास्त अभिमान होता.

दुसरा पूर आला तेव्हा दुपारी वहिनींचा मेसेज आला, 'म्हशीच्या शिंगाला पाणी'. तेवढाच. तुम्ही दुकानाचं शटर ओढलंत आणि गल्लीत दारोदार गेलात. तासाभरात बायकापोरं, म्हातारी माणसं, शेळ्या, गॅसच्या टाक्या, सगळं शाळेकडे निघालं. मालनकाकूंच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना तुम्ही आणि गिरणीवाल्यानं खाटेसकट उचललंत. पाणी आलं ते दुसऱ्या दिवशी. गल्लीत एक माणूस नव्हता. चाचा, हे ज्यांना 'भिंतीवरची घाण' वाटते त्यांना मला एवढंच विचारायचंय, की तुमच्या बदामी रंगानं किती खाटा उचलल्या?

आता मालनकाकूंचं सांगते. तुम्हाला ते माहीत आहे. पण जे माहीत नाही, किंवा कदाचित होतं, तेही सांगायचंय.

पहिल्या पुरानंतर सगळ्या भिंतींवर चिखल राहिला नव्हता. मालनकाकूंच्या बाजूची घरं लोकांनी आधीच धुऊन घेतली होती. तिथं रेघ नेण्यासाठी तुम्ही गवंड्याची लेव्हलची नळी आणलीत. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक गिरणीच्या भिंतीवरच्या खुणेला धरायचं, दुसरं टोक जिथं हवं तिथं. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला उभं राहतं. मला ते फार आवडलं होतं. पाणी कुठवर आलं होतं ते पाण्यालाच विचारायचं. एकच पथ्य होतं, नळीत हवा राहता कामा नये. हवा राहिली की पाणी खोटं बोलतं, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या दिवशी खुणेवरचं टोक माझ्याकडे होतं. डाव्या हातात नळी, उजव्या हातात मोबाइल. मी ग्रुपातल्या लोकांसाठी फेसबुकवर लाइव्ह करत होते. बघा मंडळी, अशी मारतात रेघ. बदामांचा पाऊस पडत होता, मी त्यातली नावं वाचून दाखवत होते. तुम्ही तिकडून ओरडलात, "हवा बगितलीस का?" मी म्हटलं, "बघितली." नव्हती बघितली.

मालनकाकूंनी त्या रेघेवर विश्वास ठेवला. घराला पत्रा, वर जागा थोडीच. रेघेच्या वर दोन बोटांवर त्यांनी फळी ठोकली आणि लेकीची, पूजाची, शाळेची सगळी कागदं पिशवीत घालून त्यावर ठेवली. दुसऱ्या पुरात पळताना त्या निर्धास्त होत्या. पाणी पहिल्याइतकं चढलंच नाही, पण फळीवर चढलं. परत आलो तेव्हा पिशवीत लगदा होता. पूजाचं नर्सिंगचं ॲडमिशन त्या वर्षी गेलं. मालनकाकू तुमच्या दुकानाच्या दारात येऊन भर गल्लीत काय काय बोलल्या, ते आपण दोघांनी ऐकलं. तुम्ही खुर्चीतून उठलात. म्हणालात, "रेघ मी मारली. मी चुकलो, मालन." एवढंच. चहाही न पिता घरी गेलात.

त्या दिवशी घरी जाऊन मी तो जुना व्हिडिओ काढून बघितला. माझ्या कोपराच्या खाली, नळीत, चार बोटांचा बुडबुडा. स्पष्ट. मी हसतेय, नावं वाचतेय, आणि तो तिथे बसलाय. तुम्ही तिकडे काढलेली रेघ बरोबर चार बोटं खाली आली होती. मी व्हिडिओ स्वतःकडे ठेवून फेसबुकवरून काढून टाकला. पूजाची सगळी कागदं मी नव्यानं काढून दिली, महिनोन्‌महिने ऑफिसांचे खेटे घालून, एक पैसा न घेता. लोक म्हणायचे, कांचनसारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. मी ते ऐकून घेतलं. मालनकाकूंनी मला घरी बोलावून पोहे केले, तेही खाल्ले.

तुम्हाला मी सांगणार होते. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी सुरुवातही केली होती. "चाचा, ती मालनकाकूंची रेघ..." तुम्ही नाकावरची नळी जरा बाजूला सारलीत आणि म्हणालात, "नळी भरली की आंगठा फिरवून बघत जा, पोरी. वरनं खालपातूर." मग डोळे मिटलेत. मी त्यावर किती विचार केलाय, तुम्हाला सांगू! तुम्हाला ठाऊक होतं? पहिल्या दिवसापासून? की एखाद्या कारागिरानं जाता जाता सांगावं तसं नुसतं सांगितलंत? विचारायला तोंड उघडलं तर नर्स आली आणि वेळ संपली म्हणाली. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलण्याच्या पलीकडे होतात. मला तुमचा रागही येतो त्याबद्दल. ठाऊक असेल तर झापायचं होतं मला, गप्प बसून मोठेपणा कशाला केलात?

कारण त्या मोठेपणाचं काय झालं बघा. फ्लेक्स लागला त्याच दिवशी चेअरमननी ग्रुपवर लिहिलं. ते ग्रुपमध्ये आहेत हे मी विसरूनच गेले होते. अगदी गोड भाषा. चाचांबद्दल आम्हाला नितांत आदर आहे, परंतु त्यांच्या रेघा चुकीच्या होत्या हे त्यांनी स्वतः सर्वांसमक्ष कबूल केलं होतं. चुकीची माहिती भिंतींवर ठेवणं धोक्याचं आहे. गल्लीतल्या उरलेल्या रेघाही सोसायटी स्वखर्चानं रंगवून देईल. ग्रुप चाचांच्या आठवणीसाठी तसाच ठेवावा, मात्र आता त्यावर नवीन काही टाकू नये. रविवारी अकरा वाजता पार्किंगमध्ये मीटिंग.

सोसायटीत तळमजल्याचे दोन फ्लॅट विकायचेत. बघायला येणारी माणसं रेघेखाली उभी राहून परत जातात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण त्या मेसेजखाली पटापट अंगठे यायला लागले. आपल्याच गल्लीतले. एकानं लिहिलं, 'खरं आहे, मालनताईंचं नुकसान झालंच होतं.' मी मोबाइल पालथा ठेवला. सोसायटीची रेघ तुम्ही वेगळ्या दिवशी, चिखलावरूनच मारली होती, तिच्यात नळीचा संबंधच नव्हता. ती बोटभरही चुकीची नव्हती. पण एक माणूस म्हणून गेला ना, मी चुकलो. आता त्याच्या सगळ्याच रेघा खोट्या. आणि खरं काय ते ज्या एकीला ठाऊक, ती पोहे खाऊन गप्प.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'नळीत हवा माझ्यामुळं राहिली. चाचांनी विचारलं होतं, मी खोटं बोलले. मालनकाकूंच्या दारची रेघ मी चुकवली. बाकी एकही चुकलेली नाही. ज्याला शंका आहे त्यानं नळी घेऊन यावं.' पाठवलं. मग वंदनावहिनींचा आवाज आला, उंब्रजहून. "कांचन, लय वंगाळ केलंस बग. आन् आत्ता बरं केलंस." आणि पुढे नुसते हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न.

मीटिंगला गेले. चेअरमन म्हणाले, "म्हणजे बघा, रेघ मारणाऱ्यांनाच खात्री नाही. आमचा मुद्दाच सिद्ध झाला." मी म्हटलं, "एक रेघ चुकली, कशामुळं चुकली ते दाखवलं. तुम्ही जी पुसलीत ती कशामुळं चुकीची, तेवढं दाखवा." ते म्हणाले, हा भावनिक विषय करू नका. मी म्हटलं, "विषय पाण्याचा आहे. तुमच्या पार्किंगमध्ये तुम्ही उभे आहात तिथं ते तुमच्या टायपर्यंत होतं. मी होते, तुम्ही तेव्हा पुण्याला होतात." मागे कुणीतरी हसलं. तुम्ही असता तर मला चिमटा काढला असतात, हळू बोल म्हणून. नाही बोलले हळू.

आणि मग मालनकाकू उठल्या. चाचा, मला वाटलं होतं त्या मला माफ करतील. एवढं कबूल केलं, व्हिडिओ टाकला, सगळ्यांसमोर उभी राहिले. मनातून मी त्याची वाटच बघत होते. त्या माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "माज्या पोरीचं वरीस गेलं. मी त्या म्हाताऱ्याला भर गल्लीत नको नको ती बोलले. तो मेला तवा त्याच्या दारात जायची लाज वाटली मला. आन् तू माज्या चुलीपुढं बसून पोहं खाल्लंस व्हय गं?"

मी 'काकू' म्हणून तोंड उघडलं.

"काय बी बोलू नगंस," त्या म्हणाल्या. "माफी बिफी मला नगं. माज्या भितीवर रेघ चुकीची हाय. फुडचं पानी कवा येईल सांगता येत न्हाई. चल, आत्ताच्या आत्ता नीट मारून दे." मग चेअरमनकडे वळून, "आन् तुमी वो सायेब, माजं नुकसान माज्या तोंडानं मी सांगीन. तुमच्या फ्लॅटसाटी तुमी सांगू नगा."

मीटिंग तिथंच मोडली. नळी चाचींकडून आणली, तुमचा ब्रशही त्यांनीच न मागता हातात दिला. मालनकाकूंनी गिरणीवरच्या खुणेचं टोक माझ्या हातात दिलं नाही, स्वतः धरलं. पूजानं नळीवरून अंगठा फिरवला, वरून खालपर्यंत, दोनदा. ती आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, शीर बघावी तशी बघत होती. मी दाराशी पेन्सिल घेऊन. खूण आली ती जुन्या रेघेच्या बरोबर चार बोटं वर. मी जुनी पुसू का विचारलं, तर काकू म्हणाल्या, "दोनी ऱ्हाऊ देत. लोकांस्नी कळू दे."

माझी रेघ तुमच्यासारखी आली नाही. मधे थोडी पोटाला सुटलीय, आणि 'होतं'चा 'ह' बघून तुम्ही डोक्याला हात लावला असता. पण पातळी बरोबर आहे. गल्लीतल्या पोराबाळांनी, बायकांनी मिळून मग जिथे जिथे रंग उडाला होता तिथे तुमची रेघ पुन्हा ओढली, सोसायटीच्या गेटपर्यंत. आणि गेटच्या पलीकडे, कंपाउंड संपतं तिथून पुढच्या घरावर, परत. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितलं. रेघ डावीकडून येते, बदामी भिंतीशी थांबते, आणि उजवीकडे त्याच उंचीला सुरू होते. मधल्या भिंतीवर तुमचा फ्लेक्स. भिंत त्यांची आहे, त्यांनी ठेवावी कोरी. ज्याला डोळे आहेत त्याला मधली रेघ दिसते.

संध्याकाळी सोसायटीतल्या तळमजल्याच्या एक काकू दुकानात आल्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "आमच्या आत, बेडरूममध्ये, मारून द्याल का? बाहेर नको. आम्हाला कळण्यापुरती." उद्या सकाळी जायचंय. चेअरमनना सांगणार आहे, दार वाजवून, की आत चाललेय; लपूनछपून आता मला काही करायचं नाही.

मला तुमची फार आठवण येते, चाचा. दुकान उघडलं की शेजारचं शटर बंद दिसतं आणि तेवढ्यात कुणीतरी फॉर्म भरायला येतं म्हणून बरं. ग्रुप चालू आहे. काल महाबळेश्वरला धुकं होतं, पाऊस नाही. वंदनावहिनींनी शेळी नव्यानं रंगवलीय, अजूनही कुत्रंच दिसतंय.

तुम्ही एकाही रेघेखाली कधी नाव घातलं नाहीत. मी घातलंय, मालनकाकूंच्या दाराशी, लहान अक्षरात, 'कांचन'. पुढच्या पुरात ही चुकलेली निघाली, तर लोकांनी सरळ माझ्या दारात यावं. मी घरातच आहे.